वाऱ्याशी बोलणारे गाणे

एका गाण्यावरून दोन सख्ख्या भावांत जवळजवळ चाळीस वर्षे वाद चालावा, ही गोष्ट ऐकणाऱ्यास पोरखेळ वाटेल. परंतु आमच्या घरात तो चालला. ठाण्यास सुरू झाला आणि अश्दोदपर्यंत आमच्या मागोमाग आला. वाद इंग्रजी गाण्याचा होता, आणि तो ज्यांच्याशी घालावयाचा ते आमचे थोरले बंधू आज हयात नाहीत. म्हणून त्यांची बाजूही आम्हांसच मांडावी लागणार. वाचकांनी ती आमच्यापेक्षा अधिक सहानुभूतीने ऐकावी, ही विनंती.

ज्यांना या संगीताची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती द्यावयास हवी. किंग क्रिम्सन हा इंग्लंडमधील वाद्यवृंद. ५ जुलै १९६९ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये रोलिंग स्टोन्स यांच्या विनामूल्य कार्यक्रमात अफाट जनसमुदायासमोर तो वाजला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याची पहिली तबकडी निघाली : 'इन द कोर्ट ऑफ द क्रिम्सन किंग'. तीत पाचच गाणी आहेत. पहिले, 'ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी स्किझॉइड मॅन', म्हणजे साडेसात मिनिटांचा प्रक्षोभ. व्हिएतनामच्या युद्धाची छाया त्यावर आहे. गाणाऱ्याचा आवाजसुद्धा फाटका, यंत्रातून पिळून काढल्यासारखा. शेवटी सर्व वाद्यांचा एकच कल्लोळ होतो आणि तो कुऱ्हाडीने तोडल्यासारखा थांबतो. लगेच दुसरे गाणे येते, 'आय टॉक टू द विंड'. बासरी, संथ ताल, आणि ग्रेग लेक यांचा स्वच्छ, दुःखी आवाज. एक माणूस वाऱ्याशी बोलतो आहे आणि वाऱ्यास त्याचे काही नाही, एवढाच त्याचा विषय. चाल इयन मॅकडोनाल्ड यांची, शब्द पीटर सिनफील्ड यांचे. बासरीही मॅकडोनाल्ड यांचीच.

आमचा चाळीस वर्षांचा वाद होता तो या दुसऱ्या गाण्याचा.

१९८३ साली आम्ही पंधरा वर्षांचे होतो आणि दादा कॉलेज संपवून नोकरीस लागले होते. काळा घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाउसमध्ये (ते दुकान २०१६ साली बंद झाले) ते तासन्‌तास तबकड्या न्याहाळीत, पण विकत घेण्याची ऐपत क्वचितच. ही तबकडी त्यांनी एका मित्राकडून दोन दिवसांसाठी मागून आणली आणि कॅसेटवर उतरवून घेतली. रात्री जेवणे आटोपल्यावर ते कॅसेट लावीत. पहिले गाणे संपले, की आई "आता पुरे, शेजारी काय म्हणतील!" असे स्वयंपाकघरातून म्हणे, आणि नेमकी त्याच क्षणी बासरी सुरू होई. आईस वाटे, आपले ऐकून मुलांनी गाणे बदलले.

दादांचे बोट मात्र तोवर कॅसेट पुढे पळविण्याच्या बटणावर गेलेले असे. त्यांचे म्हणणे असे : "अरे, गोड गाणे कोणीही रचील. रेडिओवर दिवसभर दुसरे काय लागते? पहिल्या गाण्यात जे आहे ते जगात यांच्याशिवाय कोणाला सुचले नसते. मग दुसऱ्यात आपली शक्ती त्यांनी का वाया घालवावी?" या मतावर ते अखेरपर्यंत ठाम राहिले. पुढे याच वाद्यवृंदाची १९७४ सालची 'रेड' ही तबकडी त्यांस मिळाली, तेव्हा त्यांनी ती आमच्यासमोर पुरावा म्हणून ठेवली. त्यांच्या मते त्या मंडळींना आपला खरा आवाज तेथे सापडला होता, आणि आरंभीची हळुवार गाणी म्हणजे वाट चुकल्याच्या खुणा होत्या.

आमचे कान आकाशवाणीच्या भावगीतांवर पोसलेले. आम्हांस ते दुसरे गाणे एकदम आपले वाटले. इंग्रजी शब्द निम्मे कळत नसत, पण कोणी कळवळून बोलतो आहे आणि ऐकणारा ऐकत नाही, हे कळण्यास भाषा लागत नाही. घरातील धाकट्यास तर मुळीच लागत नाही.

पुढे आम्हांस कळले की हा तंटा आमच्या दोन खोल्यांपुरता नव्हता. या वाद्यवृंदाचे चाहते जगभर याच प्रश्नावर विभागलेले आहेत. पहिल्या तबकडीवरील 'मूनचाइल्ड' घ्या. त्यात सुमारे अडीच मिनिटे कोमल गाणे आहे आणि उरलेली साडेनऊ मिनिटे अगदी हलक्या हाताने केलेले उत्स्फूर्त वादन. कोणी म्हणतात, गाणे तेवढे ठेवा. कोणी म्हणतात, ते वादनच खरे धाडस. २००९ साली तबकडीचे नवे मिश्रण तयार झाले तेव्हा त्या वादनाचा काही भाग कापला गेला, आणि पुन्हा दोन तट पडले. १९७० सालच्या दुसऱ्या तबकडीवरील 'केडन्स अँड कॅस्केड' या गाण्याचा झगडा निराळा. तोवर लेक बाहेर पडण्याच्या वाटेवर होते, म्हणून ते गाणे गॉर्डन हॅस्केल गायले : खालच्या पट्टीत, जवळजवळ पुटपुटल्यासारखे. काहींस तो आवाज निर्जीव वाटतो, काहींस त्यातील संकोचच प्रिय. १९९१ च्या संग्रहात त्या गाण्यावर एड्रियन बेल्यू यांचा आवाज नव्याने चढविण्यात आला, तेव्हा हॅस्केल यांच्या पक्षातील मंडळींचा जीव तीळतीळ तुटला. १९७० सालच्याच अखेरच्या 'लिझर्ड' तबकडीवरील 'लेडी ऑफ द डान्सिंग वॉटर' हे तीन मिनिटांहूनही लहान गाणे कोणास रत्न वाटते, तर कोणास साखरेचा पाक.

सर्वांत नवल असे की प्रत्यक्ष वाद्यवृंदातच ही दुही होती. डिसेंबर १९६९ मध्ये, अमेरिकेचा पहिला दौरा संपता संपता, मॅकडोनाल्ड आणि तबलजी म्हणावेत असे तालवादक मायकेल जाइल्स यांनी बाहेर पडण्याचे ठरविले. संगीत अधिकाधिक काळोखे होत चालले आहे, ते मॅकडोनाल्ड यांस मानवत नव्हते. गिटारवादक रॉबर्ट फ्रिप यांनी, "तुम्ही राहा, मी जातो," अशी तयारी दाखविली, पण ते घडले नाही. १९७१ च्या आरंभी त्या दोघांनी स्वतःची तबकडी काढली. ती कितीतरी प्रसन्न आहे. हे आम्हांस समजले तेव्हा आम्ही दादांस पत्राने कळविले : "पाहा, बासरीवालाच सोडून गेला, मग तुमच्या काळोखात उरले काय?" त्यांचे उत्तर तीन आठवड्यांनी आले : "उरले ते किंग क्रिम्सन."

आम्ही १९९४ साली इस्राएलला आलो. दादा ठाण्यासच राहिले. आई त्यांच्याकडे होती आणि त्यांची नोकरीही होती. जाण्यायेण्याच्या प्रश्नावर आम्हां भावांत जे बोलणे व्हावयास हवे होते ते कधीच नीट झाले नाही. आम्ही का आलो आणि ते का आले नाहीत, हे दोघांनीही एकमेकांस विचारले नाही. पत्रांतून, पुढे फोनवरून, आम्ही बासरीवर भांडलो. आज वाटते, ते भांडण सुरक्षित होते म्हणून आम्ही जपले.

२०२२ च्या फेब्रुवारीत मॅकडोनाल्ड निवर्तले. आम्ही दादांस फोन केला. ते तेव्हा आजारी होते आणि बोलताना दम लागे. बातमी ऐकून थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "बासरी चांगली वाजवायचा. गाणे मात्र टाकाऊच." आम्ही हसलो. त्याच पावसाळ्यात दादा गेले.

आता आमच्या चिरंजीवांविषयी. हे गृहस्थ अश्दोदचेच. मराठी समजते, बोलतात हिब्रूच्या वळणाने, आणि हिब्रूत 'तुम्ही' नसल्यामुळे आम्हांस 'तू' म्हणतात. 'आबा' हा शब्द मात्र दोन्ही भाषांना आपला वाटतो, तेवढे समाधान. लहानपणापासून ते काकांच्या पक्षाचे. पहिले गाणे मोठ्याने लावावयाचे आणि दुसरे आले की पुढे ढकलावयाचे : काकांचे बोट पुतण्याच्या हाताला फुटलेले.

ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांस मिलुईमसाठी बोलावणे आले. ते महिने कसे गेले हे या पत्रिकेच्या वाचकांस सांगावयास नको. पुष्कळ घरांत तेच चालले होते. ते परत आले तेव्हा बारीक झाले होते आणि दार आपटले की खांदे आक्रसत. एका शुक्रवारी दुपारी, शब्बाथ लागण्यास अवकाश होता, आम्ही सवयीने ती तबकडी लावावयास गेलो. ते म्हणाले, "पहिलं नको, आबा."

आम्ही कबूल करतो की त्या क्षणी आमच्या मनात प्रथम एक क्षुद्र आनंद उमटला. चाळीस वर्षांनी आमच्या पक्षास एक मत मिळाले, असे वाटले. आम्ही मोठ्या उत्साहाने म्हणालो, "बरोबर आहे! दुसरे लावतो. मनाला विसावा मिळेल."

"तेही नको," ते म्हणाले. "ते फार लवकर येतं."

आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ वर्गात शिकविले आहे. डी.एड.ला असताना हर्बार्टची पंचपदी तोंडपाठ केली होती. तिची पहिली पायरीच अशी, की नवे सांगण्यापूर्वी समोरच्या मुलाच्या मनात आधी काय आहे ते पाहा. शेकडो परक्या मुलांच्या बाबतीत ती पाळण्याचा प्रयत्न केला. घरात दादांस कधी विचारले नाही, आणि मुलासही नाही. त्या दुपारी प्रथमच विचारले, "लवकर म्हणजे?"

मग ते बोलले. फार नाही. एवढेच, की तो कल्लोळ थांबतो आणि दुसऱ्याच श्वासाला बासरी येते, जणू काही झालेच नाही. "खरं तसं नसतं, आबा. मध्ये खूप वेळ असतो. त्या वेळात काहीच वाजत नाही. तो वेळ त्या लोकांनी ठेवलाच नाही."

हे मत आम्ही कोठेही ऐकले नव्हते, वाचले नव्हते. दादांस कल्लोळ हवा होता, आम्हांस बासरी. दोघांच्या मधल्या जागेचा विचार आम्ही कोणीच केला नव्हता. आणि आमच्या लक्षात आले की दादांच्या अन् आमच्याही बाबतीत तेच झाले. निरोप घेऊन विमानात बसलो, आणि पहिल्याच पत्रापासून गाण्यावर बोलू लागलो. मध्ये जो वेळ ठेवावयास हवा होता तो कोणी ठेवला नाही.

पुढे बऱ्याच महिन्यांनी, पुन्हा एका शुक्रवारी, त्यांनी स्वतःच पहिले गाणे लावले. आवाज बेताचा ठेवला. आम्ही शेजारी बसलो. कल्लोळ तुटला आणि त्यांनी लगेच ते थांबविले. बासरी आली नाही. खिडकीचा पडदा समुद्राकडील वाऱ्याने हलत होता. खालच्या मजल्यावर कोणी भांडी लावीत होते. आम्ही काही बोललो नाही. शिक्षकास हे किती कठीण, ते शिक्षकच जाणे. किती वेळ गेला, मोजला नाही.

"आता लाव," ते म्हणाले.

दादा असते तर म्हणाले असते, तुम्ही दोघांनी मिळून चांगल्या तबकडीचा खेळखंडोबा केला. आणि मग, आमची खात्री आहे, ते गाणे संपेपर्यंत त्यांनी बटणास हात लावला नसता. निदान आम्ही तसे मानून चाललो आहो. त्यांस विचारावयाचे राहून गेले.