तिसरे छिद्र

बदलीच्या नोकरीत मनुष्य नवे घर पाहावयास जातो, तेव्हा तो काय पाहतो? नळाला पाणी कितपत येते, वारा खेळतो की नाही, शेजार कसा आहे, आणि भाडे आपल्या घरभाडेभत्त्यात बसते की नाही. भिंतीच्या आत काय आहे, हे पाहण्याची प्रथा नाही. झाशीत सीपरी बाजाराच्या बाजूला दोन खोल्या घेतल्या, तेव्हा मीही ते पाहिले नाही.

येथला उन्हाळा ज्यांनी भोगला आहे, त्यांना कूलरचे माहात्म्य सांगावयास नको. एप्रिल लागला की पत्र्याचा तो अवजड देह खिडकीशी उभा राहतो, आणि पाऊस येईपर्यंत घरातला कर्ता पुरुष तोच! आमच्या कूलरला एक खोड होती. हात लागला की बोटांना झिणझिण्या येत. पहिल्या वर्षी मी ते हसण्यावारी नेले. दुसऱ्या वर्षी रबरी चपला घातल्यावाचून त्याला शिवावयाचे नाही, असा घरात दंडक घातला. कन्येने तो परवच्यासारखा पाठ केला. खाली राहणाऱ्या मालकीणबाईंच्या—सारे त्यांना अम्माजी म्हणतात—कानावर हे घालावे, असे वाटले नाही असे नाही. परंतु त्या भाडे वाढवीत नव्हत्या, होळीला आठवणीने गुझिया धाडीत. आणि तक्रारखोर म्हणून आपली ख्याती व्हावी, हे परप्रांतात राहणाऱ्या भाडेकरूला परवडत नाही.

१५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागली आणि त्या रात्रीच १० बालके गेली. प्राथमिक चौकशीत शॉर्टसर्किटचे कारण पुढे आले. कार्यालयात कित्येक दिवस दुसरा विषय नव्हता. "तपासणी कोणी केली होती? कागद कोठे आहेत?" असे मी तावातावाने विचारीत असे. त्या वेळी माझा कूलर गच्चीवर गोणपाट पांघरून निजला होता. पुढच्या एप्रिलमध्ये मी त्याला खाली आणले, आणि घरच्यांना चपलांची आठवण करून दिली.

एके दुपारी घरकाम करणाऱ्या बाई कूलरजवळची फरशी पुसताना एकाएकी मागे कोलमडल्या. मी धावत जाऊन बटण बंद केले; सौ.ने त्यांना धरून बसविले. जिवावरचे बोटांवर निभावले होते. सावरल्यावर त्या म्हणाल्या, "रोज थोड़ा-थोड़ा लगता था, बाबूजी. आज ज़्यादा लगा."

सांगितले का नाही, असे मी विचारताच त्या नुसत्या हसल्या. मग माझी दृष्टी त्यांच्या पावलांकडे गेली. त्या अनवाणी होत्या. चपला दाराबाहेर काढून आत यावयाचे, हा नियम आमचाच होता.

मिस्त्रीने सॉकेट उघडले. वरच्या मोठ्या छिद्रामागे तारच नव्हती! कूलरच्या पंपाची तार आत उघडी पडली होती. तिच्यातला प्रवाह पत्र्यात उतरे, आणि अर्थिंगची वाट नसल्यामुळे ओल्या फरशीवर उभा राहिलेला मनुष्यदेह हीच त्याची जमिनीत जाण्याची वाट होई. अर्थिंग करून घ्या आणि मीटरजवळ एक लहानसे यंत्र बसवा, असे त्याने सांगितले. गेलेला आणि परतलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरची तफावत पडली की ते निमिषार्धात वीज तोडते. जमाखर्चाच्या तफावती शोधण्यात ज्याचे दिवस जातात, त्याला हे तत्त्व समजावयास वेळ लागला नाही.

त्या रात्री मी उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या भाडेकरारविषयक कायद्याची अनुसूची वाचली. खटके व सॉकेट यांची दुरुस्ती भाडेकरूची. वायरिंगची, गरज पडेल तेव्हा, मालकाची. वाटणी न्याय्य आहे. परंतु गरज पडली आहे, हे पाहणार कोण? इंग्लंडमध्ये २०२० च्या नियमांनी मालकावर बंधन घातले, की भाड्याच्या घरातील वीजव्यवस्था निदान दर पाच वर्षांनी जाणकाराकडून तपासून घ्यावी आणि अहवालाची प्रत भाडेकरूच्या हाती द्यावी. आपल्याकडे त्या अहवालाचे काम भाडेकरूच्या जिभेला करावे लागते. आणि ती तर संकोचाने जखडलेली!

दुसऱ्या दिवशी खाली गेलो. अम्माजी रागावल्या, पण खर्चावरून नव्हे. "तीन साल से रह रहे हो, आज बता रहे हो?" एवढेच म्हणाल्या, आणि मिस्त्रीला सारे घर दाखविले. वायरिंग व अर्थिंग त्यांनी करून दिले. यंत्राचे पैसे मी भरले.

त्यांच्या प्रश्नाला मात्र माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी अम्माजींना सांगितले नाही, आणि बाईंनी मला सांगितले नाही. दोघांच्या मौनाचे कारण एकच होते. फरक इतकाच, की माझ्या पायांत चपला होत्या.

आता बाईंचा एक जोड आमच्या दाराच्या आत असतो. आणि पुढच्या बदलीच्या गावी घर पाहीन, तेव्हा नळ सोडून पाहण्याआधी मी म्हणेन, "एक सॉकेट जरा उघडून दाखविता का?"