सरकती कपाटे

घरात माणसे वाढली म्हणून भिंती कधी मागे सरकत नाहीत. माणसेच सरकून बसतात. दिवाळीत माहेरवाशिणी आल्या, त्यांची मुलेबाळे आली, की ज्या खोलीत दुपारी पंगत बसते तिच्यातच रात्री गाद्या पडतात. जेवताना कोणी झोपत नाही आणि झोपताना कोणी जेवत नाही, एवढ्या एका हिशेबावर आपले संसार चालत आले आहेत.

पुस्तकांना मात्र हे शहाणपण शिकवावे लागते. आमच्या गावच्या वाचनालयावर ती पाळी गेल्या वर्षी आली. पुस्तके 22,000 च्या पुढे गेली. कपाटांच्या डोक्यावर, जिन्याखाली, चिटणिसांच्या खुर्चीमागे, जिकडे पाहावे तिकडे गठ्ठे. डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, हे त्यांतले पाचवे. वाढत्या मुलाला दर दिवाळीला नवा सदरा शिवता येतो. वाचनालयाला दर दिवाळीला नवी खोली कोठून आणावी?

कारभारी मंडळाच्या सभेत एका सभासदांनी सोपा उपाय सांगितला. जुनी बांधीव मासिके रद्दीत द्यावीत. "बाई, दहा वर्षांत कोणी हात लावला नाही त्यांना," ते मला म्हणाले. गृहस्थ मनाने वाईट नव्हेत. जागेच्या चिंतेने त्यांचीही झोप उडाली होती. पण त्या मासिकांत दिवाळी अंकांची चार कपाटे होती. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि मराठी घरातल्या फराळात एका जिनसाची भर पडली. तेव्हापासून या अंकांतून लिहिणाऱ्या कितीतरी जणांचे पुस्तक म्हणून कधी निघालेच नाही. त्यांचे असेल नसेल ते या अंकांतच. माझ्या दोन कादंबऱ्या मिळून त्या वाचनालयात दीड इंच जागा अडवतात. आज मासिके, उद्या कोण, हे मला दिसत होते. मी जरा मोठ्यानेच विरोध केला.

मग ग्रंथपालांनी सरकत्या कपाटांचे पत्रक पुढे ठेवले आणि फळ्यावर गणित मांडले. आमचे दालन 32 फुटांचे. त्यात दोन्ही बाजूंनी पुस्तके लावलेल्या कपाटांच्या आठ रांगा, एकेक दीड फूट रुंद. म्हणजे पुस्तकांना 12 फूट, आणि मधल्या वाटांना 20! निम्म्याहून अधिक दालन आम्ही चालण्यासाठी राखले होते, आणि चालणारा एका वेळी एकाच वाटेत असतो. कपाटे रुळांवर बसवली, चाक फिरवून हवी तेथे एकच वाट उघडली, तर आठांच्या जागी सोळा रांगा मावतात. पंगतीचाच न्याय!

ही युक्ती कालपरवाची नव्हे. ब्रिटिश म्यूझियममध्ये 1887 च्या सुमारास छताच्या तुळयांना टांगलेली सरकती कपाटे आली होती. विलायतेचे माजी पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी पुस्तके थोडक्या जागेत कशी ठेवावीत यावर 1890 साली एक लेखच लिहिला. राज्याचा गाडा हाकणाऱ्यालाही पुस्तकांची अडगळ छळत होती, हे वाचून आमच्या मंडळाला धीर आला.

धीर खचवला तो इंजिनिअरांनी. ग्रंथपालांनी शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर एका फळीवरची पुस्तके तोलली होती. भरली 28 किलो. एका खणाला दोन्ही बाजू मिळून बारा फळ्या, म्हणजे 336 किलो, आणि तेही साडेचार चौरस फूट जमिनीवर. "चौरस मीटरला 800 किलो झाले," इंजिनिअर म्हणाले, "लोखंड निराळेच. राहत्या घराची जमीन साधारण 200 किलो धरून बांधतात. तुमची इमारत मुळात घरच. कपाटे माडीवर नकोत."

तळमजल्यावर वर्तमानपत्रांची खोली. सकाळी आठला तेथे गावातले पेन्शनर जमतात. ती माडीवर न्यायचे बोलणे निघताच एक आजोबा काठी टेकीत सभेत आले. "पोरी, आमचे गुडघे जिना चढत नाहीत. वर्तमानपत्रे वर नेलीत म्हणजे आम्हाला घरी बसा म्हटल्यासारखेच आहे." मेलेल्या लेखकांना जागा देण्यासाठी जित्या वाचकांना उठवायचे काय? त्या प्रश्नावर बराच वेळ कोणी बोलले नाही. अखेर चिटणिसांनीच आपली कचेरी माडीवर नेली. कचेरीच्या खोलीत आणि ओटीवर मिळून वर्तमानपत्रांची सोय झाली.

मेच्या सुट्टीत शाळेच्या मुलांनी पुस्तके आकड्यांप्रमाणे बांधून हलवली. गवंड्याने पाण्याची नळी धरून जमिनीची पातळी तीन-तीनदा पाहिली, कारण रूळ तसूभर कलला तर कपाट आपणहून चालू लागायचे. रुळांमधला भाग भरून सपाट केला, म्हणजे कोणाला ठेच नको. पहिल्या दिवशी पाचवीतल्या एका मुलीने एका हाताने चाक फिरवले आणि सबंध कपाट पुस्तकांसकट निमूटपणे बाजूला झाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. कपाटे मिटून राहिली की दमट हवा कोंडते आणि कसर लागते, म्हणून पावसाळ्यात रात्री त्यांच्यामध्ये थोडथोडी फट ठेवावी लागते.

काही गमावलेही. पूर्वी रमतगमत फिरताना नको असलेले पुस्तकही हाती लागे. आता कोणती वाट उघडायची ते आधी ठरवावे लागते. दोघांना दोन वाटा हव्या असतील तर एकाने थांबायचे. कुलूप आहे, खिट्टी आहे, तरी आमच्याकडे चाकाला हात लावण्यापूर्वी "आत कोण आहे?" असे विचारण्याचा रिवाज पडला आहे.

परवा मी तसेच विचारले. आतून ओ आली नाही. वाकून पाहिले, तर तेच आजोबा दिवाळी अंकांच्या वाटेत स्टुलावर बसून एक जुना अंक वाचीत होते. मला पलीकडची वाट हवी होती. मी चाकावरचा हात काढला आणि ओटीवर जाऊन वर्तमानपत्र उघडले.