लोह्याची अक्षरे किती?

'लोहा' या शब्दात अक्षरे किती, असे पहिलीतल्या पोराला विचारा. दोन, असे तो बोटांवर मोजून सांगेल. संगणकावरच्या पायथॉन या भाषेला मी हेच विचारले. उत्तर आले, चार! ल, ओकाराची मात्रा, ह आणि काना, असे तिने वेगवेगळे मोजले होते.

मी मराठीचा विद्यार्थी. माळेगावच्या यात्रेत, जनावरांच्या बाजारात आजोबांच्या तोंडून ऐकलेले शब्द मी वहीत टिपले होते. ते अकारविल्हे लावावेत म्हणून ही भाषा शिकलो. गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी ती १९९१ साली जगापुढे ठेवली. तिचा मला आवडलेला गुण म्हणजे समास. कोणती ओळ कोणत्या ओळीच्या पोटात, हे डावीकडे सोडलेली जागाच सांगते. त्यामुळे दुसऱ्याचे लिखाणही सहज वाचता येते. शिवाय २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून नावे देवनागरीत ठेवता येतात.

तिथेच मी फसलो. 'यादी' क्रमाने लावून घेतली, पण निकाल ठेवताना 'यादि' असे ऱ्हस्व लिहिले. भाषेने हूं की चूं केले नाही. नवे नाव समजून तेही ठेवून घेतले, आणि मी छापली ती जुनीच विस्कळीत यादी! ऱ्हस्व-दीर्घाची एवढी धास्ती व्याकरणाच्या तासालाही कधी वाटली नव्हती.

चूक सुधारून यादी सरांना दाखवली. सर म्हणाले, "अरे, 'गळपट्टा' आधी आणि 'गवत' नंतर? 'ळ' तर 'ह' च्याही मागे ना?" पायथॉन अक्षरांच्या संकेतांकांवरून क्रम लावते, आणि युनिकोडच्या तक्त्यात 'ळ' हा 'ल' ला खेटून बसला आहे. दोष मुळात तक्त्याचा. पण तो मुकाट्याने मानणे हा भाषेचा. मात्र आपला क्रम आपण सांगण्याची सोयही तिनेच ठेवली आहे. मी वर्णमाला तिच्या हाती दिली आणि 'गवत' पुढे आले.

ही भाषा लिहिणाऱ्यावर फार विश्वास टाकते. तिचा गुण तोच आणि दोषही तोच. जाणत्याला ते सुखाचे; नवख्याला मात्र मध्येच 'थांब' म्हणणारे कोणी हवे असते. आजोबांचा शब्द टिपला, पण शोधताना सापडलाच नाही, तर टिपून काय उपयोग? माझ्यापुरते तरी ते 'थांब' सरांनी म्हटले.