पहिली स्लाइड शून्याची

पावसाळ्यात कोल्हापूरकर सकाळी उठून आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतो. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. पाणी चढून शिवाजी पुलाला ‘मच्छिंद्री’ होईपर्यंत सुतारवाड्यातली माणसं सामानसुमान घेऊन बाहेर पडलेली असतात. मी या पुराचं काम पायथनमध्ये करतो. बंधाऱ्यावर अमुक फूट पाणी असेल तर ते कुठल्या पेठेत, कुठल्या गल्लीत शिरेल, हे गावाच्या उंचसखलपणावरून काढायचं.

हेच काम पवईला, पायथन वापरणाऱ्या वैज्ञानिकांच्या सायपाय इंडियासारख्या परिषदेत मांडायचं म्हटलं की वेगळी तयारी लागते. २००९ साली तिरुवनंतपुरमला सुरू झालेली ही परिषद पुढे आयआयटी मुंबईत, मुक्त सॉफ्टवेअरच्या फॉसी प्रकल्पाच्या आधारानं रुजली. त्रिमितीय चित्रांसाठी जगभर वापरलं जाणारं ‘मायावी’ लिहिणारे प्रभू रामचंद्रन तिथलेच. समोरच्या श्रोत्यांत कुणी ताऱ्यांवर काम करणारं, कुणी प्रथिनांवर. पंचगंगा त्यांना माहीत नसते. पण अ‍ॅरे आणि ग्रिड मात्र ते कोळून प्यालेले असतात.

म्हणून माझी पहिली स्लाइड पुराच्या फोटोची नसते, शून्याची असते. बंधाऱ्यावरची पातळी फुटांत, तिथल्या मोजपट्टीच्या शून्यापासून मोजलेली. जमिनीची उंची मीटरमध्ये, समुद्रसपाटीपासून. दोन शून्यांचा मेळ कसा घातला, हे कळल्याशिवाय पुढचा एकही नकाशा कुणी मान्य करू नये, असं मला मनापासून वाटतं. त्यातही खरी अडचण पुढे आहे. फुकट मिळणारी उंची बहुतेकदा एसआरटीएमची, म्हणजे फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानातून रडारनं टिपलेली. एक चौकोन साधारण ३० मीटरचा; त्यात कुंभार गल्लीतली कितीतरी घरं मावतात. उंची पूर्ण मीटरमध्ये दिलेली, आणि तीही छपरं-झाडांची भेसळ झालेली. इशारा आणि धोका यांतलं अंतर चार फूट, म्हणजे जेमतेम १.२२ मीटर. ज्या चार फुटांवर गावाचा जीव टांगलेला असतो, ते या आकड्यांत एका पायरीएवढे उरतात, आणि मोजणीतली चूक त्याहून मोठी असू शकते. हे मी मोठ्या अक्षरांत लिहितो आणि त्यावर सावकाश बोलतो. टॉकच्या वीस मिनिटांतली पाच त्यात गेली तरी चालतील.

मग रंग. पायथनमध्ये आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिबमध्ये वर्षानुवर्षं ‘जेट’ ही इंद्रधनुषी रंगपट्टी आपोआप यायची. पाण्याची खोली तीत दाखवली की पिवळ्या पट्ट्यापाशी ठसठशीत कड दिसते. खोली तिथं हळूहळूच बदलत असते, कड असते ती फक्त रंगात. ज्याचं घर त्या पिवळ्याच्या अलीकडे, तो निर्धास्त होतो. २०१५ साली अमेरिकेतल्या सायपाय परिषदेत नथॅनिएल स्मिथ आणि स्टेफान व्हान डर वॉल्ट यांनी ‘विरिडिस’ मांडली. आकडा जसा चढतो तसा उजेडही सारखा चढत जावा, काळ्या-पांढऱ्या छपाईतही क्रम टिकावा, ही तिची आखणी. २०१७ च्या मॅटप्लॉटलिब २.० पासून ती आपोआप येणारी रंगपट्टी झाली. एका व्याख्यानाचा एवढा परिणाम! जगभरातल्या शोधनिबंधांतले नकाशे आणि आलेख त्यामुळे अधिक खरे दिसायला लागले. माझ्या नकाशात तीच असते, आणि पट्टीवर फूट आणि मीटर दोन्ही छापलेले असतात.

कोड पडद्यावर थोडाच दाखवावा, पण मागच्या रांगेतल्यालाही वाचता यावा. बाकीचा नोटबुकात, लायब्रऱ्यांच्या व्हर्जनसकट, सगळ्यांना खुला. ऐकणाऱ्यानं रात्री खोलीवर जाऊन तो चालवला आणि माझाच नकाशा त्याच्याकडे उमटला, तर टॉक पोचला असं मी धरतो. टाळ्यांवरून ते कळत नाही.

प्रश्नोत्तरांत एकदा सांगलीची एक विद्यार्थिनी उठली. “सर, मॉडेल बरोबर की चूक, हे गल्लीत उतरून तपासता येईल का?” येईल. २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या पाण्याच्या खुणा लोकांनी भिंतींवर रंगानं करून ठेवल्यात. त्या टेपनं मोजून, घरमालकाची परवानगी घेऊन, जवळच्या ठरलेल्या उंचीच्या खुणेशी लेव्हलनं जोडायच्या. पुढच्या परिषदेला पाठवलेल्या गोषवाऱ्यात मी नेमकं हेच लिहिलंय. शाहूपुरीतल्या मोजण्या सुरू झाल्या आहेत.