दोन वेळांचें जेवण आणि उपवास

आहाराविषयीं ज्याला मत नाहीं असा मनुष्य महाराष्ट्रांत सांपडणें कठीण. राजकारणांत ज्याला पक्ष नाहीं, त्यालाहि ताक केव्हां प्यावें आणि केळें केव्हां खाऊं नये याविषयीं पक्ष असतो. अशा विषयांत हात घालणें म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्याला हात लावणें आहे, हें मी जाणून आहें. तरीहि हा लेख लिहिण्याचें कारण असें कीं, २०१९ पासून मी जी पद्धति पाळीत आहें, तिला आमच्या घरांत 'वेड', आळींत 'फॅशन' आणि कांहीं वयोवृद्ध स्नेह्यांकडून 'धर्मबाह्य' अशीं तीन नांवें मिळालीं आहेत. या तिन्ही आक्षेपांचा एकदां नीट परामर्श घ्यावा, असें मनांत आलें.

पद्धति थोडक्यांत सांगतों. दिवसांतून दोनच वेळां, आणि तेंहि खरी भूक लागेल तेव्हां, जेवावयाचें. प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आंत संपवावयाचें. गोड शक्य तितकें वर्ज्य करावयाचें. मधल्या वेळांत पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा चहा याखेरीज तोंडांत कांहीं टाकावयाचें नाहीं. याला जोड म्हणून रोज ४५ मिनिटें भरभर चालावयाचें. ही कल्पना नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकर (१९५४–२००४) यांनीं आपल्या व्याख्यानांतून मांडली, आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत प्राध्यापक असतांना डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनीं ती गांवोगांव पोंचविली. आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचा पक्ष बराचसा याच्या उलट. घरचें आणि हंगामी खावें, पण थोडें थोडें आणि वरचेवर खावें, असा. २०१८ च्या सुमारास महाराष्ट्रांतील घराघरांत हे दोन तट पडले. आमच्याकडे सौ. दिवेकरपक्षाची, मी दीक्षितपक्षाचा, आणि धाकटी भावजय दोन्ही पक्षांना निःपक्षपातीपणें पोहे करून घालणारी!

मी या वाटेला हौसेनें लागलों नाहीं. आमचे थोरले बंधु मधुमेहानें पंधरा वर्षें आजारी होते. आधीं पायाचा अंगठा गेला, मग पाऊल गेलें, आणि शेवटीं मूत्रपिंडांनीं दगा दिला. त्यांच्या पायाच्या पट्ट्या बदलण्याचें काम पुष्कळदां माझ्याकडे असे. ते गेल्यावर दुसऱ्या वर्षीं माझ्या रक्ताची तपासणी झाली. तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखविणारा जो आंकडा असतो, तो ६.३ आला, ६.५ पासून मधुमेह गणतात. वजन ८४ किलो होतें. मी रोगाच्या उंबरठ्यावर उभा होतों, आणि आंत काय आहे हें मीं जवळून पाहिलें होतें. हा प्रसंग माझ्या एकट्याचा नव्हे. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय पाहणीप्रमाणें देशांत दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि साडेतेरा कोटींच्या वर लोक माझ्यासारखे उंबरठ्यावर आहेत.

आतां 'वेड' हा पहिला आक्षेप घेऊं. आपण दिवसांतून किती वेळां खातों, हें मीं एकदां वहींत टिपलें. सकाळीं चहाबरोबर खारी, नऊला पोहे किंवा उपमा, साडेबाराला जेवण, चारला चहा आणि चिवडा, कोणी आलें तर पुन्हा चहा, सायंकाळीं देवाचा प्रसाद, रात्रीं नऊला जेवण, निजतांना दूध. एकूण आठ वेळां! प्रत्येक वेळीं स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडावें लागतें. हा रस साखर रक्तांतून पेशींत पोंचवितो. आणि तो रक्तांत चढता असेपर्यंत शरीर आपल्या सांठ्यांतील चरबी बाहेर काढीत नाहीं. कोठारांत दिवसभर धान्य भरणें चालूं असेल, तर जुनें पोतें उघडणार कोण? दोन जेवणांत अंतर ठेवलें कीं कोठाराचें दार उघडण्यास अवसर मिळतो. यांत वेड कोठें आहे?

केवळ तर्कावर विसंबूं नये, म्हणून दोन प्रयोग सांगतों. प्राग शहरांत मधुमेहाच्या ५४ रुग्णांना बारा आठवडे दिवसाचें अन्न सहा वेळांत, आणि बारा आठवडे तितक्याच उष्मांकांचें अन्न सकाळीं आणि दुपारीं अशा दोन वेळांत दिलें. सहा वेळांच्या क्रमांत वजन सरासरी २.३ किलो उतरलें, दोन वेळांच्या क्रमांत ३.७ किलो. हा प्रयोग २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. पण दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. २०२२ सालीं चीनमधील ग्वांगझोउ येथील प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांत १३९ स्थूल माणसांना वर्षभर सारखेंच बेताचें अन्न दिलें. कांहींनीं तें आठ तासांच्या आंत खावयाचें, बाकीच्यांवर वेळेचें बंधन नाहीं. वर्षअखेर दोहोंच्या वजनांत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. तात्पर्य, घड्याळांत जादू नाहीं. कमी खाण्यांत आहे. ५५ मिनिटांचा आंकडाहि मी मर्यादा म्हणून मानतों, मंत्र म्हणून नव्हे. मात्र बारा माणसांच्या घरांत, एका पातेल्यांतील आमटी वाढली जात असतां, आपले उष्मांक कोणी मोजावे आणि कसे? तोंड मिटणें हें मोजण्याहून सोपें आहे. एकत्र कुटुंबाला पाळतां येईल असा नियम हवा असेल, तर तो असाच साधा असावा लागतो.

'फॅशन' आणि 'धर्मबाह्य' या दोन आक्षेपांना एकच उत्तर पुरेल. महाभारताच्या शांतिपर्वांत आचाराच्या प्रकरणांत स्पष्ट सांगितलें आहे कीं, मनुष्याला सकाळ आणि सायंकाळ असें दोन वेळांचेंच भोजन विहित आहे; आणि जो मध्यें खात नाहीं, तो उपवास केल्यासारखाच होय. आयुर्वेदानें आधींचें अन्न पचण्यापूर्वीं पुन्हा खाण्याला 'अध्यशन' असें नांव देऊन तें दोषांत घातलें आहे. चरकाच्या सूत्रस्थानांत अतिस्थूल आणि अतिकृश हे दोघेहि निंदित मानले आहेत. पण दोघांत स्थूलपणा अधिक वाईट म्हटला आहे. त्याला पचण्यास जड परंतु पुष्टि न देणारें अन्न द्यावें, अशी तेथें सूचना आहे, आणि पुढच्याच अध्यायांत लंघनाचे जे दहा प्रकार दिले आहेत त्यांत उपवासाच्या शेजारींच व्यायाम आहे. अलीकडच्या काळाचें पाहूं गेलें, तर गांधीजींनीं दक्षिण आफ्रिकेंत असतांना सकाळची न्याहारी सोडली आणि त्यामुळें आपली डोकेदुखी गेली, असें आत्मचरित्रांत लिहिलें आहे. मँचेस्टरला न्याहारी सोडणाऱ्यांची एक मंडळीच निघाल्याचें वाचून त्यांना ती कल्पना सुचली. तेव्हां ही फॅशन असेल, तर ती फार जुनी आहे.

उलट, धर्मबाह्य म्हणावयाचें तर आपल्या एकादशीच्या फराळाला म्हणावें लागेल. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो कंद, बटाटा, रताळें, शेंगदाणा, आणि या सर्वांना चव आणणारी मिरची, हीं सारीं अमेरिका खंडांतून आलेलीं. ज्या ऋषींनीं उपवास सांगितला, त्यांनीं यांतलें एकहि डोळ्यांनीं पाहिलें नव्हतें! 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच लोकांनीं आपल्याला लावलेली आहे. भरपूर तूप घालून केलेली साबुदाण्याची खिचडी सकाळ-संध्याकाळ खाणें हा उपवास, आणि मुगाची उसळ, भाकरी, ताक असें दोन वेळां जेवणें हें वेड, हा न्याय मला समजत नाहीं. 'उप' म्हणजे जवळ आणि 'वास' म्हणजे राहणें. देवाजवळ राहावयाचें तर निदान स्वयंपाकघरापासून थोडें दूर राहावयास नको काय?

याहून जड असा एक आक्षेप मात्र कोणी घेतलेला नाहीं. तो माझा मीच घेतों. मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांत माझी सारी नोकरी झाली. माळशेजच्या पायथ्याच्या आणि माहुलीच्या आसपासच्या पाड्यांवरचीं ठाकर-कातकऱ्यांचीं मुलें माझ्या वर्गांत बसत. भाताची कापणी उरकली कीं कितीएक कातकरी घरें वीटभट्ट्यांवर निघून जात आणि पटावरचीं नांवें तेवढीं मागें राहत. पावसाळ्याच्या उत्तरार्धांत, घरांतला दाणा संपत आलेला आणि नवें भात तयार नाहीं अशा दिवसांत, दहा वाजतां पेंगणारें मूल आळशी नसे, उपाशी असे. शाळेंत शिजलेलें अन्न मिळूं लागल्यावर त्याच मुलांच्या डोळ्यांत फरक पडलेला मीं पाहिला आहे. ज्या वरीचे तांदूळ आपण उपवासाचा पदार्थ म्हणून विकत आणतों, ती वरी हे लोक डोंगरउतारावरच्या वरकस जमिनींत नाचणीच्या जोडीनें पिकवितात आणि पोटासाठीं खातात. अशा मुलुखांत राहून कमी खाण्याचा महिमा गाणें शोभतें काय?

मला वाटतें, शोभतें. पण एका अटीवर. उपासमार आणि उपवास हे शब्द सारखे दिसले, तरी त्यांत दैव आणि निश्चय यांइतकें अंतर आहे. ज्याचें ताट भरलेलें आहे, त्यानेंच तें अर्धें सारावें. ज्याचें रिकामें आहे, त्याला हा उपदेश करणें हें पाप आहे. म्हणून ही पद्धति मीं कोणाहि पाड्यावर सांगितली नाहीं. आणि जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं अवेळीं गेलों असतां त्याच्या आईनें नाचणीची भाकरी पुढें ठेवली, तर ती मी खातों. नियम पोटासाठीं आहे; दुसऱ्याच्या मनाला लागेल इतका कडक नियम कोणाच्याच आरोग्याला हितकर नाहीं.

घरांतील परिणामाविषयीं दोन शब्द. चौदा महिन्यांत माझें वजन ८४ वरून ७१ वर आलें आणि तेथेंच स्थिरावलें. रक्तांतील तो आंकडा ५.६ झाला. यांतलें किती श्रेय दोन जेवणांचें, किती सोडलेल्या साखरेचें आणि किती चालण्याचें, याची वांटणी मला करतां येणार नाहीं. पण एक लाभ कोणत्याहि तपासणींत न दिसणारा आहे. चारचा फराळ बंद झाला तेव्हां सौ.चा आणि भावजयीचा रोजचा तास-दीड तास चुलीपासून सुटला. दिवेकरपक्ष सोडण्यास सौ. अद्याप तयार नाहीं, परंतु तो तास परत करण्यासहि ती तयार नाहीं!

हें वाचून कोणीं उद्यांपासूनच आरंभ करूं नये. अठरा वर्षांखालील मुलें, गर्भवती स्त्रिया आणि जन्मभर इन्सुलिनवर अवलंबून असणारे रुग्ण यांच्यासाठीं ही पद्धति नाहीं. मधुमेहाच्या गोळ्या चालूं असतील, तर न खातां राहिल्यानें साखर एकदम उतरून जिवावर बेतूं शकतें. त्यांनीं डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक घांसहि चुकवूं नये. उतारवयांत स्नायु झिजतात, म्हणून दोन जेवणांत डाळ, उसळ, दूध-दही भरपूर असावें. रात्रीचें जेवण मी सूर्यास्तानंतर लौकरच आटोपतों. प्रागच्या प्रयोगांतहि रात्रीचें जेवण नव्हतें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

सुज्ञ वाचकांनीं माझी पद्धति स्वीकारावी, असा आग्रह नाहीं. आठ दिवस आपण किती वेळां खातों एवढेंच वहींत टिपावें, आणि प्रत्येक नोंदीपुढें त्या वेळीं भूक होती कीं नव्हती हें प्रामाणिकपणें लिहावें. पुढचा निर्णय ती वहीच करील.