पिकअप घ्यायची, पण कुठली?

पुन्हा तोच घोळ: बोलेरो पिकअप की टाटा योद्धा? योद्धाचं २.० मॉडेल २०२२ मध्ये आलं, दोन टन भार घेतं. पण दोन टन मी रोज कुठे भरतोय? भाताची पोती सुगीलाच. एरवी दुधाचे कॅन, पेंड आणि मी. रिकामी गाडी वेल्ह्याच्या खड्ड्यांत मागून उडते, ताठ पाटे कंबर खिळखिळी करतात. थोडं वजन टाकलं की बसते.

डिझेल मात्र नक्की. पाबे घाटात इंजिनाच्या कमी फेऱ्यांवरची ओढच कामी येते. ट्रायलही तिथेच घ्यावी, भरल्या गाडीनं. नसरापूरच्या सपाटीवर सगळ्याच गाड्या गुणी. घरच्यांना डबल केबिनची बोलेरो कॅम्पर हवी. पण हौदा आखूड पडतो. भोरचा मेकॅनिक म्हणाला, “कुठल्या गाडीचा पार्ट लगेच मिळतो ते बघा, दादा.” म्हणजे बहुतेक बोलेरोच.