कालियाचं सामान

घोड्यावरून गावात शिरणारा डाकू. खाकी डगला, छातीवर काडतुसांचा पट्टा, दोन-चार दिवसांचं काम. या वेशावर एके काळी कितीतरी नटांची चूल पेटत असे. डाकूपट गेले, तशी ती रोजीही गेली. विजू खोटे यांना याच वेशात ‘शोले’तला कालिया मिळाला. त्याचे ठळक प्रसंग दोनच. पहिल्यात तो रामगढात धान्य वसूल करायला येतो, दुसऱ्यात रिकाम्या हातानं परतून सरदार गब्बरसमोर उभा राहतो.

त्या दुसऱ्या प्रसंगात सगळं बोलणं गब्बरचं आहे. कालियाच्या वाट्याला मीठ खाल्ल्याची एक विनवणी आणि चेहरा, एवढंच. चाप ओढला जातो, गोळी सुटत नाही. सरदार हसतो, टोळी हसते, मग कालियाही हसतो. ते हसू पुन्हा एकदा नीट पाहावं. आपण वाचलो यावर त्याचा आधी विश्वासच बसत नाही, मग सुटल्याचा आनंद होतो, पण डोळ्यांतली भीती काही उतरत नाही. अमजद खान यांनी गब्बर अफाट केला, यात शंका नाही. पण गब्बरला किती भ्यायचं हे आपण कालियाकडे बघून ठरवलं. या कामाचं श्रेय विजू खोटे यांना पुरेसं कधीच मिळालं नाही, असं मला फार वाटतं.

ते ज्या सामानातून आपल्यापर्यंत पोचलं, त्यातलं बरंचसं आता नाही. आधी संवादांची तबकडी. ‘शोले’च्या गाण्यांपाठोपाठ पॉलिडोर कंपनीनं संवादही रेकॉर्डवर काढले. हॉटेलांत, लग्नघरी, गणपतीच्या मांडवात कर्ण्यावरून ते वाजत. कालियाची काकुळत अशी नुसत्या आवाजावर गावोगाव पोचली. चेहऱ्यावर जगणाऱ्या नटाला लोकांनी कानांनी ओळखलं. पुढे कॅसेट आली, तीही गेली.

लॅमिंग्टन रोडवरचं मिनर्व्हा. १५ ऑगस्ट १९७५ ला लागलेला ‘शोले’ तिथे पाच वर्षं चालला. ते थिएटर आता नाही. ‘शोले’ची ७० एमएमची एकही प्रत उरलेली नाही, आणि मूळ निगेटिव्ह पार खराब झालेली. फिल्म हेरिटेज फाउंडेशननं सिनेमा पुन्हा उभा केला, तो ब्रिटनमधल्या एका गोदामात सापडलेल्या रिळांच्या आधारानं. जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्यात तो दाखवला गेला. ज्याच्यावर साऱ्या देशाचा जीव, त्या सिनेमाची ही कथा! मग ज्या सिनेमांमागे कुणीच नाही, त्यांतल्या लहान नटांचं काय झालं असेल?

वडिलांचे मूकपट. विजू खोटे यांचे वडील नंदू खोटे मूकपटांच्या काळातले नट. त्या काळातले हजाराहून अधिक भारतीय मूकपट नाहीसे झाले आहेत. याच घरातल्या दुर्गा खोटे, विजू खोटे यांच्या चुलती. त्यांचा ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) आजही पाहता येतो. एका घरातलं काम टिकलं की बुडालं, हे बऱ्याचदा नुसत्या योगायोगानं ठरलं.

मेट्रो चॅनेल. १९९३ मध्ये दूरदर्शनच्या या वाहिनीवर ‘जबान संभाल के’ ही मालिका आली. पंकज कपूर हिंदीचे मास्तर, आणि वर्गात आपले विठ्ठल बापूराव पोटे, म्हणजे विजू खोटे. संस्थेच्या प्रमुख मिस दीक्षित झाल्या होत्या त्यांच्या बहीण, शुभा खोटे. मराठी माणसाच्या हिंदीवर हसवणं सोपं असतं. विजू खोटे यांनी पोटेंना हास्यास्पद केलं नाही, आपल्या भाषेचा पीळ घेऊन शिकायला बसलेला साधा माणूस उभा केला. २००३ मध्ये ती वाहिनीच बंद झाली.

व्हिडिओ लायब्ररी. तिथल्या कॅसेटींनी आणि केबलवाल्यांनी ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) घराघरांत पाठ करून घेतला. त्यातला बळी विजू खोटे यांचाच. ‘अंदाज अपना अपना’ १९९४ मध्ये थिएटरांत फारसा चालला नाही. पुढे छोट्या पडद्यानंच त्याला उचललं, आणि त्यातल्या गोंधळ्या रॉबर्टला नवी पिढी मिळाली. या पिढीतल्या कित्येकांना रॉबर्ट आणि कालिया हा एकच माणूस आहे, याचा पत्ता नसतो. चरित्र अभिनेत्याला याहून मोठी पावती मला सुचत नाही.

आणि कामांची यादी. ३० सप्टेंबर २०१९ ला ते गेले, ७७ व्या वर्षी. त्या वेळी कुणी तीनशेच्या वर सिनेमे लिहिले, कुणी चारशे चाळीसच्या वर. हा शंभरावर सिनेमांचा फरक म्हणजे शिफ्टला वेळेवर पोचणं, मेकअपला बसणं, शॉटची वाट बघणं, पाठ केलेली चार वाक्यं. त्याची धड नोंद कुठेच नाही. जुन्या सिनेमांत लहान नटांची नावं सुरुवातीला एकाच पाटीवर दाटीवाटीनं येतात आणि वाचून होण्याआधी जातात. नव्या सिनेमांत ती शेवटी असतात, आणि टीव्हीवर शेवट कापतात. पण जे सिनेमे हाताशी आहेत, ते लावून, पाटी थांबवून, एकेक नाव उतरवून घेता येतं. सिनेमाच्या विद्यार्थ्यांनी, संग्रहालयांनी हे काम आताच हाती घ्यावं. विजू खोटे यांच्यापासून सुरुवात केली, तर निदान तीनशे आणि चारशे चाळीस यांतला खरा आकडा कोणता, हे तरी लावता येईल.